नडगीवरचे चार ठिपके

"काका, मागच्या बुधवारी असेच चालला होतात ना?" शाल्मलीने तिसऱ्यांदा विचारलं.

"पाय तेच, काकाही तेच," ट्रेडमिलवरून टिपणीसकाका म्हणाले.

चालताना नडगीच्या स्नायूच्या वरच्या आणि खालच्या भागातले विजेचे संकेत एकमेकांशी किती जुळतात, हे ती मोजत होती. त्याच माणसाचा आकडा आठवड्याने पुन्हा तोच आला, तरच मोजणीवर भरवसा. नाहीतर तिचा दोन वर्षांचा प्रबंध पाण्यात. आज आकडा पार वेगळा आला होता. वायरी बदलून झाल्या, मशीन बंद करून चालू करून झालं. शेवटी तिने काकांच्या पायावरचे इलेक्ट्रोड काढले. जागा चुकू नये म्हणून मागच्या बुधवारी तिनेच मार्करने काढलेल्या चार खुणा खाली ठसठशीत होत्या. जरा जास्तच.

"आंघोळीत पुसट नाही झाल्या?"

"होत होत्या की," काकांबरोबर येऊन खुर्चीत बसलेल्या काकू म्हणाल्या. "तूच बजावलं होतंस ना, खुणा जपा म्हणून? मी रोज नव्याने काढल्या. आणि तुझे ठिपके जरा वाकडे पडले होते गं, ते एका रेषेत आणले. पन्नास वर्षं रांगोळी काढतेय मी!"

शाल्मलीने कपाळावर हात मारला. मग तिची नजर पडद्यावर गेली. आजचा आलेख मागच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ होता.

"काकू," तिने मार्कर पुढे केला, "उद्यापासून मोजणीला आणखी अकरा जण यायचेत. तुम्हाला वेळ आहे?"

काकूंनी टोपण काढून टोक तपासलं. "येईन. पण मध्येच तू हात लावायचा नाहीस."