अकरा जणांचं आडनाव

विश्वकोशाची नवी आवृत्ती छपाईला जाणार होती. सेनापतींच्या कार्यालयातला अधिकारी संपादकबाईंच्या टेबलासमोर गोड हसत बसला होता. “आडनाव शोधलं की थेट सेनापतीच दिसले पाहिजेत. बाकीच्यांना कोण विचारतं?” “या आडनावाची अकरा माणसं आहेत, साहेब. नर्स, गणितज्ञ, पैलवान. सेनापती प्रसिद्ध, मान्य. पण आडनाव एकट्याचं नसतं.” “बघू यादी.” बाईंनी कागद पुढे केला. त्याने एकेका नावावरून बोट फिरवलं. “यातले हयात किती?” “सेनापती सोडून चार,” बाई बोलून गेल्या. “राहतात कुठे?” त्याने पेन उघडलं. बाईंनी छपाईचा मजकूर पुढे ओढला. कुणाच्या धाकाने त्यांनी आजवर ओळही बदलली नव्हती. मजकुरातली इतर दहाही नावं खोडून त्यांनी लिहिलं: ‘पाहा: सेनापती.’ “यादी द्या आता,” बाईंनी हात पुढे केला. “शहाण्या आहात, बाई,” तो म्हणाला. यादी केव्हाच त्याच्या खिशात गेली होती.