काळ्या शालीवरची वेणी

लेकीने प्रिंटरवर काढलेल्या जुन्या फोटोच्या प्रिंटमध्ये बायकोच्या काळ्या शालीवरची वेणी दिसेना. म्हाताऱ्या फोटोग्राफरने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डार्करूममध्ये ही वेणी त्याने कितीदा उतरवली होती! यंत्र कशाला चुकेल, आपलेच डोळे गेले. एरवी खोट काढणारा तो महिनाभर प्रत्येक प्रिंटला नुसतं ‘छान’ म्हणत राहिला. आज लेकीने पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या चौकटींची पट्टी छापली. “बाबा, शेवटच्या चौकटी वेगवेगळ्या दिसतात?” त्याने पट्टी डोळ्यांजवळ धरली. “नाही गं.” “मलाही नाही! नव्या कागदाला मी जुन्या कागदाचंच प्रोफाइल, म्हणजे शाई किती सोडायची ते माप, लावत होते.” चौकटींचा काळेपणा मोजून तिने नवं प्रोफाइल बनवलं, प्रिंट काढली. वेणी उमटली, पेडान् पेड. हुश्श करून तो खुर्चीत टेकला, मग कडाडला, “कागद बदलला की शाई नव्याने जुळवायची, एवढंही शिकवलं नाही मी?” लेक हसली. “ओरडा, बाबा. तुमच्या ‘छान’नेच धडकी भरली होती.”