किल्ली काढल्यावर

"आबा, जवळ या. तुमच्याच घरचं इंजिन आहे," असं म्हणून रज्जाकभाईंनी मला किल्ली फिरवायची खूण केली.

माझ्या जुन्या पेट्रोल पिकअपमध्ये त्यांनी आबांच्या मुलाच्या जीपचं डिझेल इंजिन बसवलं होतं. मुलगा घाटातल्या अपघातात गेला. इंजिन विकताना आबांनी एकच अट घातली होती, पहिल्यांदा चालू कराल तेव्हा मला बोलवा.

इंजिन धडधडू लागलं. उघड्या बॉनेटमुळे मला पुढे उभे असलेले आबा दिसत नव्हते. थोड्या वेळानं मी सवयीनं किल्ली काढून घेतली, तरी इंजिन चालूच राहिलं.

"डिझेल आहे ते, मालक. किल्लीला जुमानत नाही," रज्जाकभाई हसले. "स्टॉपरची तार जोडायची राहिलीय. थांबा, हातानं बंद करतो."

"मी करतो," आबा म्हणाले. "त्याची तार कायम तुटलेलीच असायची. संध्याकाळी अंगणात गाडी लावून हाक मारायचा, मग मी बॉनेट उघडून खटका दाबायचो. तार बसव की रे, म्हटलं तर म्हणायचा, मग तुम्हाला काय काम उरणार?"

खटका दाबला गेला. इंजिन हादरलं आणि थांबलं.

बॉनेटच्या आडून आबांचा आवाज आला, अगदी रोजचा.

"उतर आता. आईनं कधीचा चहा टाकलाय."

रज्जाकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात दाराच्या कडीवर होता. मला दार उघडवेना.