गोळ्यावर वाटी

सकाळी पावणेआठला जीप तिसऱ्यांदा मागे आली आणि तिसऱ्यांदा चुकली. गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, ट्रेलरच्या नाकावर ठण्णकन धडक बसली. तळ्याकाठच्या तळावर मुक्कामाला आलेल्यांच्या खिडक्या एकेक करून उघडल्या.

"डावीकडे म्हटलं होतं मी!" मागे उभी असलेली बाई ओरडली.

"कुणाच्या डावीकडे? तुझ्या की माझ्या?" जीपमधून तिचा नवरा.

"ज्याला अक्कल आहे त्याच्या!"

समोरच्या ट्रेलरच्या पायरीवर मास्तर बसले होते. हातातला चहा निवत होता. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांची उभी हयात गेली होती. कुणी स्टिअरिंग चुकीचं फिरवलं की त्यांचा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबायचा. आत्ताही त्यांनी तो दाबला.

"अहो," आतून बायको म्हणाली. आवाज शांत होता, म्हणजे धोक्याचा. "पाय आवरा."

दारामागच्या खुंटीवर तिची भरलेली पिशवी लटकत होती. मागच्या मुक्कामावर मास्तरांनी एका परक्या माणसाला त्याच्या बायकापोरांदेखत गाडी मागे घ्यायला शिकवली होती आणि प्रकरण गचांडी धरण्यापर्यंत गेलं होतं. काल रात्री उशिरा इथे पोचल्या पोचल्या तिने बजावलं होतं, "आता पुन्हा लोकांच्या गाडीत नाक खुपसलंत, तर मी बसने लेकीकडे. मग फिरा एकटे, जन्मभर." ती बोलल्याप्रमाणे वागते, हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं.

"मी काही बोललोय का?" ते म्हणाले.

"बोलाल."

जीप चौथ्यांदा मागे आली. या वेळी इतकी तिरकी, की मास्तरांच्या कपाळाची शीर ताठली. काम ते केवढं! जीपच्या मागे लोखंडी गोळा, ट्रेलरच्या नाकाखाली उपडी वाटी. गोळा वाटीखाली आणायचा, वाटी खाली सोडायची, खटका लावायचा. एवढ्यासाठी संसार चव्हाट्यावर?

"हे हातवारे तुझ्या आईनं शिकवले का?"

"माझ्या आईला मध्ये आणू नका, सांगून ठेवते!"

मास्तरांनी कप पायरीवर आदळला. "बास!"

"अहो..."

पण ते निघाले होते. हातात दोन उभ्या काड्या होत्या, त्यांनी स्वतः बनवलेल्या. बुडाला लोहचुंबक, टोकाला पिवळा चेंडू.

"काच खाली घ्या," ते नवऱ्यावर गरजले. "आणि ताई, तुम्ही जरा तोंड मिटा. लाज नाही वाटत दोघांना? सगळा तळ तमाशा बघतोय. ट्रेलर घेतलात तेव्हा कुणी काही शिकवलं नाही?"

नवरा ओशाळला. "नाही हो, काका. घाईघाईत घेतला."

"घाई! जिथे तिथे घाई!" मास्तरांनी एक काडी वाटीच्या माथ्यावर चिकटवली, दुसरी गोळ्यावर. "आता आरशात फक्त हे दोन चेंडू बघा. चेंडूला चेंडू टेकला की थांबायचं. बायको नको, सासू नको, डावं-उजवं नको."

जीप हळूहळू मागे सरकली. चेंडू एका रेषेत आले. टक.

बाईला वाटी खाली सोडायचं हँडल कोणत्या बाजूला फिरवायचं तेही कळेना. मास्तरांनी काड्या काढल्या, तिच्या हातून हँडल हिसकावून घेतलं आणि वाटी गोळ्यावर उतरवली. खटका लावला, साखळ्या अडकवल्या. नवरा निघणार, तेवढ्यात त्यांना चाकांखालचे लाकडी ठोकळे दिसले.

"हे कोण काढणार? मी?" ते किंचाळले, आणि त्यांनीच ते काढले.

त्या ट्रेलरच्या पायरीपाशी लहान मुलीच्या लाल चपला पडल्या होत्या.

"ताई, चपला राहतायत."

"राहू देत, काका. लहान झाल्यात त्या."

"म्हणून गवतात टाकायच्या?" मास्तर पुटपुटले. त्यांनी चपला उचलून कडेला नीट जोडीने ठेवल्या. मग चेंडूवाल्या काड्या नवऱ्याच्या मांडीवर टाकल्या. "घ्या. पुन्हा भांडताना दिसलात तर कानफटात देईन."

"तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो आता," नवरा म्हणाला.

ट्रेलर वळणाआड गेला. मास्तर परतले तेव्हा बायको पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. तळावर नुकत्याच शिरलेल्या मोटारसायकलवरच्या पाववाल्याला ती विचारत होती, "लेकीकडे जायचंय. शहराची बस कुठून मिळेल?"

"फाट्यावरून मिळेल, मावशी. पण जपून जा. आत्ता वळणावर एका ट्रेलरवाल्याने मला खड्ड्यात घातलं असतं. गाडीत नवरा-बायको नुसते खदाखदा हसत होते."

"हसत होते?" तिने विचारलं. "पांढरा ट्रेलर?"

"हो, पांढराच. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते."

तिने पिशवी खांद्यावरून उतरवली. मग तिने पाव घेतला, पाववाल्याला वाटेला लावलं, आत जाऊन पिशवी खुंटीला अडकवली आणि तिच्यातले कपडे एकेक काढून फळीवर ठेवले.

"मोडत आलेला संसार जुळवलात म्हणायचा," ती म्हणाली. "या वेळी माफ. बसा, दुसरा चहा टाकते."

मास्तर पायरीवर ऐसपैस बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा पाय स्वस्थ होता.

दुसरा कप अर्धा झाला असेल, तेव्हा पलीकडच्या काठावरून एक निळी गाडी आली आणि समोरच्या मोकळ्या जागेपाशी थांबली. तिच्या मागे लोखंडी गोळा होता. खांद्यावर टॉवेल टाकलेला एक माणूस ओल्या केसांनी उतरला आणि दबलेल्या, पिवळ्या पडलेल्या गवताच्या चौकोनाकडे बघत राहिला. दुसऱ्या दारातून एक बाई उतरली. दार उघडायला पुढे धरलेली किल्ली तिच्या हातात तशीच राहिली. सगळ्यात शेवटी एक लहान मुलगी उडी मारून उतरली, अनवाणी. कडेला जोडीने ठेवलेल्या लाल चपला तिला दिसल्या. ती धावत गेली आणि तिने त्यांत पाय घातले. चपला तिला अगदी बरोबर बसल्या.