मागची घरघर

रेकॉर्डिंगवाल्याने फ्रिजचं बटण बंद केलं आणि आपल्या स्कूटरची चावी फ्रिजमध्ये ठेवून दार लावलं.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"फ्रिजचा आवाज माइकमध्ये येतो, बाई. आणि बंद केला की परत चालू करायचं हमखास राहून जातं. चावी आत असली म्हणजे विसरून जाणार कुठे?"

पंखा बंद झाला. खिडकीच्या फटीत जुनी चादर कोंबून झाली. राहिली ती आतल्या खोलीतली घरघर. बाईंच्या यजमानांच्या पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन चालू होतं. ऑनलाइन वर्गासाठीचा हा अपूर्णांकांचा धडा कंपनीकडून दोनदा परत आला होता, शेरा एकच: मागे घरघर आहे. आज पुन्हा तेच झालं, तर अपूर्णांक दुसरं कुणीतरी शिकवणार होतं.

"घरघर धड्याला लागलीय की मला, ते विचार त्यांना," यजमान आतून म्हणाले. मग जरा दम घेऊन, "बंद कर ते. डॉक्टरांनी अंघोळीपुरतं चालेल म्हटलंय ना? मी अंघोळीला गेलोय असं समज."

"धडा अंघोळीपेक्षा मोठा आहे."

"तुझे सगळेच धडे मोठे. आटप आता."

बाईंनी बटण बंद केलं. हात तिथेच रेंगाळला. मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून मशीनवर ठेवला.

"मी इथे आहे हे आठवायला चष्मा लागतो का तुला?"

"बोलू नका. दम पुरवून वापरा."

धडा त्यांना तोंडपाठ होता, चष्म्यावाचून काही अडणार नव्हतं. त्यांनी कागदाची घडी घातली. "हा अर्धा. आता अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव." बोलता बोलता सवयीने त्यांची नजर आतल्या दाराकडे गेली. खुर्ची इथेच ठेवायची म्हणून त्या हटून बसल्या होत्या. इथून यजमानांची छाती वरखाली होताना दिसायची.

आज दाराच्या चौकटीत नुसता पांढरा धब्बा होता. चष्मा मशीनवर, आणि मशीन गप्प.

"आता या पावाचा अर्धा..."

कान आत लागले होते. खोकलासुद्धा नाही. एरवी नकोसा वाटणारा तो खोकला आता आला असता तर बरं झालं असतं. समोर रेकॉर्डिंगवाल्याने खुशीत अंगठा वर केला. इतका स्वच्छ आवाज या घरात त्याला पहिल्यांदाच मिळत होता.

"या पावाचा अर्धा..." त्या पुन्हा म्हणाल्या, आणि खुर्ची करकरली.

आत यजमानांनी दोन्ही हातांनी उशी तोंडावर दाबून धरली होती. खोकला माइकपर्यंत जाऊ नये म्हणून. चेहरा काळानिळा, डोळ्यांतून पाणी. बाईंनी उशी ओढून काढली, बटण दाबलं, नळी नाकाशी बसवली. घरघर सुरू झाली आणि मागोमाग कोंडलेला सगळा खोकला बाहेर पडला.

ओठांवर रंग यायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "अपूर्णांक अपूर्णच ठेवलेस."

बाईंनी चष्मा चढवला आणि बाहेर आल्या. रेकॉर्डिंगवाला हेडफोन गळ्यात टाकून उभा होता.

"पुन्हा घ्या," त्या म्हणाल्या. "मशीन चालू राहील."

"परत पाठवतील, बाई."

"पाठवू देत."

तो स्वयंपाकघरात गेला, फ्रिजमधून चावी काढली, फ्रिज चालू केला आणि येऊन हेडफोन कानांवर चढवले.

बाईंनी कागद हातात घेतला. एकवार आत पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे.

"मुलांनो, मागे घरघर ऐकू येतेय ना?" त्या म्हणाल्या. "ती चालू आहे तोवर आपला तास चालू."