चौथ्या लेथचा ब्रेक

चौथ्या लेथचा ब्रेक आता लागत होता. पायाने पेडल दाबलं की लोखंड धरून फिरणारा चक जागच्या जागी थांबायचा. ज्योतिबा निकमने तीनदा दाबून पाहिलं. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय? सात आठवड्यांपूर्वी हा ब्रेक असा लागला असता, तर ज्ञानेश्वरी आज इथेच उभी राहून काम करत असती.

तळवलीतल्या त्या खासगी प्रशिक्षण केंद्रात ज्योतिबा टर्नरच्या पोरांचा मास्तर होता. केंद्राचे मालक गोटीरामशेठ यांनी आदल्या संध्याकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, "उद्या इन्स्पेक्शनचा सायब येनार हाय. मी अलिबागला कोर्टात हाय. इचारेल त्ये दाखवा, जास्त बोलू नका."

रातोरात भिंतींना चुना लागला. 'सुरक्षा प्रथम'च्या पाट्या चढल्या. वर्षभर रिकामी पडलेली प्रथमोपचाराची पेटी कापसाने गच्च भरली. महापेच्या एका कारखान्यातून मापाची हत्यारं उसनी आली. मान्यता टिकवायची तर एवढं नाटक दर वर्षी व्हायचंच.

"पण पत्र कुठाय?" ऑफिसातली आरिफा कुरकुरली. "आवक वहीत नोंदच नाही, निकमसर. असं कधी होतं का?"

"शेठना फोन आला असेल."

ज्योतिबाचं तिच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. त्याचा सगळा जीव खांद्यावरच्या पिशवीत होता. भाकरीच्या डब्याखाली जुनं हजेरीचं मस्टर होतं.

ज्ञानेश्वरीची ओढणी लेथमध्ये अडकली तो गुरुवार. शुक्रवारी शेठनी नवं मस्टर लिहून घेतलं. त्यात तिचं नाव आठवडाभर आधीच कमी केलेलं. पोलिसांना सांगितलं की मुलगी कधीच सोडून गेली होती, मैत्रिणींना भेटायला आली आणि आगाऊपणाने मशीनला हात लावला. जुनं मस्टर जाळायला ज्योतिबाकडेच दिलं. त्याने ते जाळलं नाही. पण तोंडही उघडलं नाही. घरात दोन लेकरं, शेठची माणसं गावभर. भेकड म्हणा हवं तर. तो स्वतःला तेच म्हणायचा.

ज्ञानेश्वरीची आई शकुबाई एपीएमसी मार्केटात कांदा निवडायची. साताऱ्याकडची, ज्योतिबाच्याच तालुक्यातली. गेल्या रविवारी तिने त्याला गाठलं.

"मास्तर, लेक गेली ती काय माघारी येत न्हाई. पर लोक म्हणत्यात, पोरगी आगाव हुती. तेवढं पुसा. ती शिकत हुती, एवढं सरकारच्या कागदावर येऊ द्या."

ज्योतिबाने शब्द दिला होता.

साहेब अकराला आले. सफारी, चष्मा, हातात चामडी बॅग. एकटेच होते. वर्कशॉपमधून एक फेरी मारली, उसन्या हत्यारांकडे बघितलंसुद्धा नाही. चहा आला तो परत पाठवला. चहा न घेणारा साहेब म्हणजे सरळ माणूस, असं वाटून ज्योतिबाला जरा धीर आला.

"आता स्टाफला एकेकटं भेटतो," साहेब म्हणाले.

आरिफा दोन मिनिटांत बाहेर आली. स्टोअरचा किसन तर त्याच्याही आधी. मग ज्योतिबा आत गेला. साहेबांनी स्वतः उठून दार लावलं.

"इथे एक अपघात झाला म्हणे. तुम्हाला काही सांगायचंय?"

ज्योतिबाने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"घाबरू नका. तुमचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही. मलाही मुलगी आहे, निकम."

त्या एका वाक्याने ज्योतिबाचा बांध फुटला. पिशवीतून मस्टर काढून त्याने टेबलावर ठेवलं, त्या गुरुवारचं पान उघडलं.

"ही बघा, साहेब. हजर आहे. ती सोडून गेली नव्हती. ब्रेक लागत नाही म्हणून मी शेठना तीनदा सांगितलं होतं. तरी त्या मशीनवर तिला मीच उभं केलं. बाकीची तीन मशीनं बंद पडलेली होती. माझी चूक आहे, ती पण लिहा."

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. दोन पानं भरली. मध्ये कुठे टोकलं नाही, की घाई केली नाही. खाली ज्योतिबाची सही घेतली.

"याची दुसरी प्रत?"

"नाही, साहेब. हेच एक."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. बायकोलासुद्धा नाही."

साहेबांनी मस्टर बॅगेत घातलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंत."

सात आठवड्यांत पहिल्यांदा ज्योतिबाला छातीभर श्वास घेता आला. नोकरी गेली तर जाऊ दे. संध्याकाळी मार्केटात जाऊन शकुबाईला सांगायचं, बाई, कागदावर आलं. तिचा चेहरा कसा होईल याचा विचार करूनच त्याचे डोळे भरले.

तेवढ्यात फाटकातून जीप आत आली. गोटीरामशेठ. ते तर अलिबागला होते. ज्योतिबा दोन पावलं मागे सरला. मग त्याने मनाला बजावलं, येऊ दे. आता लिहून झालंय, सही झालीय, आता कोण काय पुसणार?

साहेब पायऱ्या उतरून जीपपाशी गेले. बॅग उघडून त्यांनी मस्टर शेठच्या मांडीवर ठेवलं, वर ती दोन पानं ठेवली, आणि रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, "तालीम झाली, शेठ. सोमवारी खरी कमिटी येईल, तेव्हा या एका मास्तरला तेवढं रजेवर पाठवा."