मागं बसलेली माय

“माय, तू आता दादाकडंच राहा. कायमची,” अंगद एकदाचा बोलला.

समोरासमोर त्याला हे जमलं नसतं. “चल, दादाकडं चार दिवस राहून ये,” एवढंच सांगून त्यानं उषाबाईला हसनाबादहून मोटरसायकलवर बसवलं होतं. थोरला भाऊ काकासाहेब जालन्यात राहायचा. तो राजी होता. अंगदची बायको तृप्ती तर वर्षभर हेच म्हणत होती. मायला तेवढं सांगायचं राहिलं होतं. ते गाडीवर सांगायचं, म्हणजे तिचं तोंड बघावं लागणार नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

तरी निम्मा रस्ता तो गप्पच होता. मग शाळेजवळ नवा ब्रेकर आला. त्याच्यावर अजून पांढरे पट्टे मारलेले नव्हते. अगदी चाकाखाली आल्यावर तो दिसला. गाडी उडाली, आपटली. अंगदनं कसंबसं हँडल सावरलं आणि त्याच घाबरलेल्या दमात ते बोलून टाकलं.

एकदा बोलल्यावर मग त्याला थांबता येईना.

“तृप्तीचं अन् तुझं बिलकुल जमत न्हाई. रोज घरात आवाज. मी मधल्या मधी मरून राह्यलो. दादाकडं नळाला पाणी हाय, दवाखाना जवळ हाय. मी येत जाईन की तुला भेटायला.”

मागून उत्तर आलं नाही. डोक्यावरच्या हेल्मेटमुळं त्याला वाऱ्याचा घुमारा तेवढा ऐकू येत होता. उषाबाईला राग आला की ती भांडायची नाही, बोलणंच बंद करायची. तिच्या त्या अबोल्याची अंगदला लहानपणापासून धास्ती होती. आरशात बघावं तर गाडीचे आरसे त्यानं नवी असतानाच काढून ठेवले होते. आणि मान वळवून बघायचा धीर होईना.

“बोल की माय. शिव्या तरी दे.”

ती काहीच बोलली नाही. गाडी मात्र हलकी पळत होती. मनावरचं ओझं उतरलं म्हणून तसं वाटत असेल, असं त्याला वाटलं. तो तसाच पुढं गेला. मधे दोन गावं लागली, तिथंही तो थांबला नाही. थांबलं असतं तर तिच्याकडं बघावं लागलं असतं.

शेवटी त्यालाच ते सहन होईना. एका चहाच्या टपरीपुढं त्यानं गाडी उभी केली.

“उतर माय. चहा घेऊ जरा.”

टपरीवाला त्याच्याकडं बघतच राहिला. “कोनाला बोलून राह्यले भाऊ?”

अंगदनं मान वळवली. मागची सीट रिकामी होती.

तो माघारी कसा आला, हे नंतर त्याला कधीच आठवलं नाही. ब्रेकरजवळ माणसं जमली होती. रस्त्याच्या कडेला पेरू विकणारी बेबीनंदा मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीवर उषाबाईचं डोकं होतं. डोळे मिटलेले. कानातून रक्त आलेलं. पलीकडं पिशवी फाटून नातवंडांसाठी केलेले शेंगदाण्याचे लाडू रस्त्यावर सांडले होते. एका बाजूनं पाय सोडून बसलेली उषाबाई ती पिशवी दोन्ही हातांनी धरून होती. गाडीला धरायला तिच्याजवळ हातच उरला नव्हता.

एका जीपवाल्यानं त्यांना जालन्याला पोचवलं. बेबीनंदाही जीपमध्ये बसली. मांडीवरचं डोकं हलवायचं कसं, म्हणून.

डॉक्टरांनी तपासलं. “डोक्यात आत रक्तस्राव झालाय. हेल्मेट नव्हतं का?”

अंगदच्या हातात हेल्मेट लटकत होतं. त्याचं स्वतःचं. घरात एवढं एकच होतं.

“निदान लवकर तरी आणायचं,” डॉक्टर म्हणाले. “बराच वेळ गेला.”

दिवस मावळायच्या आत उषाबाई गेली.

काकासाहेब कागदांवर सह्या करायला आत गेला. अंगद व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला. एकच गोष्ट त्याला कुरतडत होती. ब्रेकरवर गाडी आपटली तेव्हाच तो बोलला होता. मग ते मायनं ऐकलं होतं का? ऐकून तिनं स्वतःला सोडून तर दिलं नव्हतं?

बेबीनंदा नळावर लुगड्याचा रक्तानं भरलेला पदर धूत होती. तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

“मावशी, पडल्यावर माय सुदीवर व्हती?”

“व्हती की. लई वेळ चांगली बोलत व्हती. तुम्ही यायच्या जरा आधी डोळे मिटले तिनं.”

“काय म्हणली? माझ्यावर रागावली व्हती?”

“रागावती कशाला? पोराची काय चूक, ब्रेकरच दिसत न्हाई, असंच म्हणत व्हती.”

अंगदचा श्वास मोकळा झाला. तिनं ऐकलं नव्हतं. एक शब्दही नाही. पण मग डॉक्टरांचं बोलणं त्याच्या कानात आलं.

“मंग तिला तवाच दवाखान्यात का न्हाई आणलं मावशी? रस्त्यानं गाड्या तर चालू व्हत्या.”

बेबीनंदानं पदर पिळला.

“म्या दोन गाड्या थांबवल्या व्हत्या, भाऊ. तीच बसंना. म्हणली, माझं लेकरू आत्ता माघारी येतंय. मी हितं न्हाई दिसले तर भिऊन जाईल.”